३२ बोअरची पहिली रिव्हॉल्व्हर: सगळं ठीक, पण ती कडी!

२०२४ मध्ये हत्यारांच्या दुकानदाराशी वाजलंच. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, हत्यारं जमा करायचा निरोप आला. ठाण्यात ढिगात पडेल म्हणून मी माझी रिव्हॉल्व्हर दुकानदाराच्या तिजोरीत, महिन्याचं भाडं ठरवून ठेवली. निकालानंतर जूनमध्ये आणायला गेलो तर नळी स्वच्छ, सिलिंडर स्वच्छ, आणि मुठीखालच्या कडीला तांबूस गंज. भाडं पूर्ण मोजून घेतलं, तेलाचा एक थेंब नाही. वर मलाच म्हणतो, "भाईसाहब, कड़ी से गोली थोड़ी निकलती है!"

नसेल निघत. पण ही कडी मला पहिल्या दिवसापासून छळतेय.

आधी बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचं. ९ मिमी, .३८, .४५ हे सगळं प्रतिबंधित, तुमच्या-आमच्यासाठी नाहीच. परदेशी मालाची आयात सामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे एखादी जुनी वेब्ली (ब्रिटिश बनावटीची रिव्हॉल्व्हर) विकायला निघाली तरी भाव ऐकून माणूस घरी येऊन पाणी पितो. राहता राहिले मुख्यतः .३२ आणि .२२. इशापूरच्या सरकारी कारखान्याची 'निडर' नावाची रिव्हॉल्व्हर २२ बोअरची, वजन जेमतेम २५० ग्रॅम. खिशाला परवडणारी म्हणून मन तिच्यावरच होतं. पण .२२ रिमफायर, म्हणजे पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला. काडतूस न पेटण्याची शक्यता सेंटरफायरपेक्षा, म्हणजे मसाला बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसापेक्षा, जास्त. शिवाय गोळी साधारण ४० ग्रेन वजनाची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), .३२ रिव्हॉल्व्हरची ९८. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत न्यायची म्हणून परवाना मागितला होता, तेव्हा ३२ घेतली. (परवाना हातात येईस्तोवर निम्मी रोकड लोकांच्या मोबाइलवरून यायला लागली, हा भाग वेगळा. आणि मला निदान झाडं लावावी लागली नाहीत. २०१९ मध्ये आमच्या ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी परवान्यासाठी दहा रोपं लावून फोटो आणायची अट घातली होती.)

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर यावर घरात फार डोकं खाल्लं गेलं. धाकट्या मेव्हण्याला पिस्तूलच हवं होतं, चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही. पण पिस्तुलात काडतूस फुसकं निघालं की स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते बाहेर काढा. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर हजर. हातात हत्यार नवीन असताना हे मला पटलं.

नळी पुढे मोडणारी ही जुन्या वेब्लीची बांधणी. सुरुवातीला मला ती संग्रहालयातलीच वाटायची. आता मत पार बदललंय. कळ दाबून नळी खाली केली की सहाही खोकी एकदम वर येतात, आणि आत काही उरलंय का हे लांबूनही दिसतं. घरात पोरं आहेत, कपाटात ठेवण्याआधी रोज हे बघणं मला फार मोलाचं वाटतं.

चाप मात्र जड. मागचा घोडा (हॅमर) आधी ओढून ठेवला तर हलका चालतो, पण थेट ओढायला गेलं की नळीचं टोक खाली झुकतं. रेंजवर दहा मीटरवरून माझी सगळी भोकं कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. सराव हाच उपाय, आणि सराव म्हणजे काडतुसं. एका काडतुसाच्या पैशात बाड्यावर (ग्वाल्हेरचा बाजारचौक) घरच्या सगळ्यांची कचोरी-जिलेबी होते, म्हणून प्रत्येक बाराला माझा हात आधीच आखडतो.

तर कडी. चालताना खुळखुळते, कपाटाच्या पत्र्यावर टण्णकन आपटते, आणि रात्री बायको विचारते, "काढलीत का पुन्हा?" रेंजवरचे निवृत्त फौजी उस्ताद म्हणाले, ही दोरी बांधायची जागा, घोडेस्वाराच्या हातून हत्यार सुटलं तरी खाली पडू नये म्हणून. पटलं. पण आमच्या लष्कर भागातल्या गल्लीत हल्ली घोडा येतो तो फक्त वरातीत. आणि वरातीत हिचं काम नाही: आनंदात हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मामांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

कडी कापून टाकायचा विचार होता; उस्तादांनी दम दिला, परवान्यातल्या हत्याराला कानस लावायची नाही. शेवटी नळाचा रबरी वॉशर मधून चिरून तिच्यावर चढवला. आवाज बंद. दुकानदाराने नेमका तोच काढून कुठेतरी हरवला.

गंज तेल आणि चिंधीने निघाला. हत्याराला पाचपैकी चार देतो, अर्धा कडीचा कापला, अर्धा चापाचा. पुढच्या निवडणुकीत ठाण्यातच ठेवणार, तिथे भाडं लागत नाही.

३२ घेणार असाल तर आधी काडतुसांची चौकशी करा, आणि फोनवर "३२ आहे" एवढ्यावर निघू नका. पिस्तुलाचं ३२ आखूड, ७१ ग्रेनचं, रिव्हॉल्व्हरचं लांब. दोन्हींना दुकानात ३२च म्हणतात, आणि मी जातो तेव्हा शिल्लक नेहमी पिस्तुलाचंच असतं.