मकराना मार्बल, 18 महिन्यांच्या वापरानंतर: डाग कमी, चट्टे जास्त

हॉलची फरशी, देवघर आणि बेसिनचा कट्टा, तिन्हीकडे मकरान्याचा पांढरा, 18 मिमी जाडीचा. ओट्यावर मात्र मुद्दाम ग्रॅनाइट, आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरलं. मार्बलची खरी कटकट डागांची नाही, आंबटाची आहे.

हा दगड म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, ताक, काहीही सांडलं की वरचा थर विरघळतो आणि चकाकी जाऊन निस्तेज चट्टा उरतो. तो डाग समजून घासत बसलं तर आणखी पसरतो. डाग दगडात मुरलेला असतो. चट्टा म्हणजे दगडच खाल्ला गेलेला. सीलर (दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावायचं द्रव) डागाला थोपवतो, चट्ट्याला नाही. दुकानात हे सहसा कोणी बोलत नाही.

सगळ्यात जास्त चट्टे कुठे? देवघरात! चिंचेने घासलेली पितळेची भांडी नीट न धुता तशीच ओली ठेवली की बुडाची गोल खूण उठलीच. अभिषेक ताम्हनात करावा, समई खाली ताटली घेऊन लावावी. हळद सांडली तर आधी कोरडी टिपून घ्यायची. साबणाच्या पाण्याने पुसली की ती लाल होते. तो नवा डाग नव्हे, क्षारामुळे हळदीचाच रंग बदलतो.

मुरलेल्या हळदीसाठी 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाल्कम पावडर कालवून दाट लेप करायचा, 5 मिमी जाड थापायचा, वर प्लास्टिक चिकटवून 24 तास ठेवायचा. मग प्लास्टिक काढून लेप सुकू द्यायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा. एकदा पुरत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. मुलतानी माती घेऊ नका, तिच्यातलं लोह दगडाला पिवळं करू शकतं. तेलाच्या डागाला पेरॉक्साइडऐवजी अ‍ॅसिटोन, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास दिवा-उदबत्ती न लावता. चट्ट्यावर यातलं काहीच चालत नाही. तिथे डायमंड पॅड (हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या घासायच्या चकत्या, नंबर मोठा तितकी बारीक) 400, 800, 1500, 3000 अशा क्रमाने आणि पाणी. मधला नंबर गाळला की ओरखडे राहतात.

बेसिनपाशी बोअरच्या पाण्याची पांढरी पुटं चढतात. तीही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे जे अ‍ॅसिड पूट काढतं ते कट्टाही खातं. व्हिनेगर आणि टॉयलेट क्लीनर तिकडे फिरकूच देऊ नका. रोज रात्री कट्टा कोरडा पुसला की काम भागतं. सीलरची परीक्षा सोपी: पाण्याचा थेंब 15 मिनिटं ठेवायचा, खाली दगड गडद झाला तर नवा हात द्यायचा. बेसिनवर ती वेळ दहाव्या महिन्यात आली, हॉलमध्ये अजून नाही.

हॉलचा शत्रू वाळू. मार्बलचा कठीणपणा मोह्सच्या मापाने (1 ते 10, आकडा मोठा तितकं कठीण) 3, वाळूतल्या क्वार्ट्झचा 7. म्हणून आधी कोरडा झाडू, मगच ओला पोछा. दाराशी मोठं पायपुसणं हवंच.

खरेदीला जाल तेव्हा लादीवर पाणी ओतून ती सुकताना पाहा; चीर असेल तर तिची रेघ सगळ्यात शेवटी सुकते. नाण्याने ठोकून पाहा, बद्द आवाज आला तर ती लादी नको. मिस्त्रीला पांढरं सिमेंटच वापरायला लावा, साध्या सिमेंटची काळपट छटा पांढऱ्या दगडातून वर दिसते. आणि बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला तो अ‍ॅसिडची बाटली उघडेल, तेव्हा समोर उभे राहा.