'सील्ड' मिग-२१ च्या डब्यात दुसरंच किट : किट घेणाऱ्यांनी कृपया पूर्ण वाचा

प्लास्टिक मॉडेल किट बनवणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, कारण मला ज्या पद्धतीने फसवलं त्याच पद्धतीने आणखी काही जणांना फसवलंय आणि त्यातल्या कितीतरी जणांना ते अजून माहीतही नसणार. डबा कपाटात आहे, बाहेरून झकास दिसतोय, आत काय आहे ते कोणी बघितलेलंच नाही.

आपल्याकडे सेकंडहँड किटचा बाजार एवढा का वाढला ते आधी सांगतो, कारण मला फसवणारा माणूस त्याच्यावरच जगतो. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानकाचा, शिक्का सक्तीचा झाला. आता १/४८ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं जेट, त्याचे शंभर दोनशे पार्ट, फोटोएचचे (पातळ धातूच्या पत्र्याचे) नखाएवढे तुकडे, हे काय लहान मुलं बनवतात का, पण कस्टमच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच ९५०३ नंबरात बसतं. मग दुकानदारांनी माल मागवणं कमी केलं, जे येतं ते महाग, आणि लोक एकमेकांच्या स्टॅशमधली, म्हणजे न बनवता साठवून ठेवलेली किटं विकत घ्यायला लागले. चांगली गोष्ट आहे खरं तर, माझी निम्मी किटं अशीच आलीत आणि बहुतेक माणसं एकदम सरळ भेटली. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर ओळख होते, एखादा पार्ट हरवला तर कोणीतरी स्वतःच्या स्पेअरमधून पाठवून देतो, पैसेही घेत नाही. त्या विश्वासाचाच या माणसाने धंदा केला आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

मी नाशिकचा. आमचे अण्णा, म्हणजे वडील, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. तो कारखाना १९६४ साली मिग-२१ साठीच उभा राहिला, आधी एफएल, मग एम, मग बिस, हे सगळे मिग-२१ चेच प्रकार. अण्णा एमच्या आणि पुढे बिसच्या लाईनवर होते. त्यामुळे २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर कोणी बोलत नव्हतं. त्याच सुमारास ठरवलं की अण्णांच्या पंचाहत्तरीला बिस बनवून द्यायचं, ते पण १/४८ मध्ये, नीट, घाई न करता. एडुआर्ड ही चेक कंपनी, त्यांनी २०११ पासून १/४८ ची मिग-२१ ची जी मोल्ड (साचे) काढली ती आजही या स्केलमधली सगळ्यात चांगली मानतात, आणि त्यांचा प्रोफीपॅक हा मोठा संच घेतला की रंगीत फोटोएच आणि कॅनोपीचे (वैमानिकावरच्या काचेचे) रंगवताना चिकटवायचे मास्क सोबत येतात. पण निरोपानंतर सगळ्यांनाच मिग हवं होतं. ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंय, आहे का, आहे का. किमती वाढत चालल्या होत्या.

अशा वेळी हा गृहस्थ पुढे आला. नवीन नव्हता, ग्रुपमध्ये बरेच दिवस होता, आणि आधी त्याने छोट्या छोट्या गोष्टी अगदी व्यवस्थित विकल्या होत्या. रंगाच्या बाटल्या, एखादा १/३५ चा रणगाडा, पॅनल लायनर. मी स्वतः त्याच्याकडून एक तामियाची जीप घेतली होती, उत्तम पॅकिंग, दुसऱ्या दिवशी कुरिअर. त्यामुळे दोघातिघांना विचारलं तर सगळे म्हणाले बिनधास्त घे, माणूस चांगला आहे. ही त्याची तयारी होती हे आता कळतंय, हजार बाराशेच्या व्यवहारात प्रामाणिकपणा दाखवायचा म्हणजे दहा हजाराच्या व्यवहाराला लोकच साक्षीदार होतात.

त्याने सांगितलं की परदेशी गेलेल्या मामांचा स्टॅश विकतोय, त्यात बिसचे दोन प्रोफीपॅक आहेत, दोन्ही सील्ड, सोबत बिसचं बायसन (आपल्या हवाई दलाने सुधारलेलं बिस) करायचा रेझिनच्या जादा पार्टचा कन्व्हर्जन सेट आणि भारतीय हवाई दलाच्या खुणांचं डेकल (चिकटचित्रांचं) शीट. किंमत फार कमी नव्हती, बाजारभावापेक्षा हजारभरानेच खाली, म्हणून संशय यायला जागाच नव्हती. "दादा, तुमचे वडील ओझरला होते म्हणून तुम्हाला आधी विचारतोय, नाहीतर तीन जण लाईनीत आहेत," हे त्याचं वाक्य. आत्ता चॅट वाचताना चीड येते, अण्णांचं मीच बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं, त्याने ते लक्षात ठेवलं आणि वापरलं. पुढे दोन अटी घातल्या. एक, पैसे यूपीआयने आणि पूर्ण आधी. दोन, डबा उघडताना व्हिडिओ काढायचा, नाहीतर तक्रार ऐकणार नाही. आणि वर लगेच सल्ला, "पण खरं सांगू का, उघडूच नका इतक्यात, सील तुटलं की किंमत निम्मी होते, एक ठेवा एक बनवा." या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे उघडल्याशिवाय तक्रार नाही, दुसरीकडे उघडलं तर नुकसान.

डबे आले, बाहेरून श्रिंक रॅप, चकचकीत. झाकण खरं, वजन हाताला बरोबर वाटत होतं, हलवलं तर आत स्प्रूचा (पार्ट ज्याला जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या फ्रेमचा) आवाज. कपाटात गेले. आपल्यात किती जण किट आल्या आल्या उघडतात सांगा? आधीचं बनवायचं बाकी असतं, ऑफिस असतं, आणि सील्ड डब्याला हात लावायचा नाही हे तर आपण एकमेकांना शिकवतोच. हाच त्याचा सगळ्यात मोठा आधार आहे. फसवणूक उघडकीला येईपर्यंत सहा महिने, वर्ष, कधी कधी पाच वर्षं जातात, तोपर्यंत त्याचा नंबर बदललेला असतो.

पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा पहिला डबा उघडला, अण्णा शेजारीच बसले होते. वरचं झाकण एडुआर्डचं, माहितीपत्रक एडुआर्डचंच पण झेरॉक्स, आणि आत साध्या पिशव्यांमध्ये करडं प्लास्टिक. मी अजून स्प्रू मोजत होतो तेवढ्यात अण्णांनी फ्यूजलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, अर्धा भाग उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे बिस नाही रे, याची पाठ बघ." कॅनोपीच्या मागून शेपटीपर्यंत जी पाठ जाते ती बिसची चांगली जाड असते, आत इंधनाची टाकी असते तिथे, आणि हातातली एकदम बारीक होती, सुरुवातीच्या टाईप ७७ सारखी, म्हणजे एफएल. मग म्हणाले पोटाखाली बघ, बिसला पोटात जीएसएच-२३ तोफ बसवलेली असते, याला तिची जागाच नाही, एफएलला आत तोफ नव्हतीच. ज्यांनी खऱ्या विमानावर हात फिरवलाय त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं.

मग बाकीचं बघितलं. पॅनल लाईन (विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या रेषा) उठावाच्या, म्हणजे खोदलेल्या नाहीत तर वर आलेल्या, जुन्या काळच्या मोल्डला असतात तशा. एडुआर्डच्या या मोल्डवर सगळ्या लाईन आणि रिव्हेट खोदलेले असतात. स्प्रूच्या फ्रेमवर जिथे कंपनीचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं ती पट्टी ब्लेडने तासून काढलेली. हे बघितल्यावर शंकाच राहिली नाही, कारण चुकून दुसरं किट भरलं गेलं असतं तर नाव कोणी तासत बसलं नसतं. फोटोएच नाही, मास्क नाहीत. दुसरा डबाही उघडला, त्यातही तेच.

डेकलचं तर विचारू नका. घरच्या प्रिंटरवर छापलेलं. घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही हे लक्षात ठेवा, फार कामाची खूण आहे. आपल्या हवाई दलाचा गोल म्हणजे बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. या शीटवर मधला पांढरा भाग म्हणजे नुसती पारदर्शक फिल्म, राखाडी विमानावर लावला की मधलं कडं राखाडीच दिसणार. शीट निळ्या कागदावर असलं की पांढरं आहे की नाही ते लगेच कळतं, याने मुद्दाम पांढऱ्या कागदावर छापून दिलेलं, म्हणजे फोटोत सगळं बरोबरच दिसतं. रेझिनचा सेट रिकास्ट. खऱ्या सेटवरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि स्वस्त रेझिन ओतायचं, त्यात बारीक बुडबुडे राहतात, कडा बोथट होतात आणि पार्ट मूळच्यापेक्षा किंचित लहान येतो कारण रेझिन आकसतं. बायसनचे ते पार्ट खऱ्या किटच्या फ्यूजलाजला सुद्धा नीट बसले नसते. ज्या माणसाने रात्री जागून तो मूळ मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवला असेल त्याला यातून एक पैसा मिळत नाही, हे पण लिहून ठेवतो.

त्याला फोन केला. आधी म्हणाला असं होणं शक्य नाही, मामांनी सील्डच दिलं होतं. मग म्हणाला सात दिवसांत सांगायला हवं होतं. मग म्हणाला तुम्हीच बदलून मला अडकवताय कशावरून. संध्याकाळी ग्रुप सोडला, रात्री नंबर बंद.

मी ग्रुपवर फोटो टाकले, कोणाचंही नाव न घेता, फक्त एवढंच की ज्यांनी अशा स्टॅशमधून काही घेतलंय त्यांनी उघडून बघा. त्यानंतर जे निघालं ते वाईट होतं. कोल्हापूरच्या एकाच्या जहाजाच्या किटमध्ये हल (खालचा सांगाडा) बरोबर पण सुपरस्ट्रक्चरचे (वरच्या बांधकामाचे) दोन स्प्रू गायब. पुण्यातल्या एका मुलीने पहिल्या पगारातून मास्टर ग्रेड गंडम (जपानी रोबोटचं किट) घेतलं होतं, डबा बांदाईचा, आत नकली प्लास्टिक, सांधे ढिले, स्प्रूवर बांदाईचं नावच नाही. ठाण्याच्या काकांनी तर सगळी पेन्शनची बचत या छंदात घातलेली, त्यांच्याकडे त्याचे बरेच डबे आहेत आणि ते उघडायलाच तयार नाहीत, म्हणतात मला बघायचंच नाही. त्यांना मी रोज फोन करतोय.

आता कसं ओळखायचं ते. सील्ड या शब्दाला काडीची किंमत देऊ नका. बऱ्याच कंपन्यांचे डबे कारखान्यातून बाहेरून रॅप न करताच येतात, आतल्या पिशव्या तेवढ्या बंद असतात, आणि श्रिंक रॅप करायला हॉट गन आणि प्लास्टिकचा रोल एवढंच लागतं, मिठाईच्या दुकानातही ते मशीन असतं. माझ्या डब्यांवर नंतर नीट बघितलं तर प्लास्टिक कोरं करकरीत, पण त्याच्या आतल्या डब्याचे कोपरे घासून पांढरे झालेले आणि एका बाजूला किमतीचं स्टिकर फाडल्याची खूण. डबा झिजला आणि त्यावरचं प्लास्टिक नाही झिजलं, असं कसं होईल? म्हणजे प्लास्टिक नंतर चढलंय.

घेण्याआधी आतले फोटो मागा. प्रत्येक स्प्रूचा वेगळा, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली. नेटवरून उचललेला फोटो तिथेच बाद होतो. माहितीपत्रकावर स्प्रूचा नकाशा असतो, कुठला स्प्रू कुठल्या अक्षराचा आणि कोणते पार्ट कुठे, तो फोटोशी ताडून बघा. कंपनीचं नाव आणि वर्ष असलेल्या पट्टीचा क्लोजअप मागा. काचेचे पार्ट आणि डेकल वेगळे मागा, जुन्या किटमध्ये हेच आधी गायब होतात. स्केलमेट्स या किटच्या माहितीच्या वेबसाईटवर किटचा नंबर टाकला की ते मोल्ड कधीचं, आधी कुणाच्या डब्यात आलं होतं ते कळतं, कारण खऱ्या कंपन्याही जुनी मोल्ड नव्या डब्यात विकतात, तो गुन्हा नाही पण नवीन समजून जास्त पैसे देऊ नका. आणि विकणारा म्हणाला की उघडलं तर किंमत कमी होईल, तर त्याला सांगा कमी कर, मी उघडलेलंच घेतो. खरा माणूस यावर चिडत नाही, मी नंतर चार जणांशी असंच बोलून बघितलं, सगळ्यांनी हसत फोटो पाठवले.

पैशाचं म्हणाल तर यूपीआयने स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड आहे, कार्डने दिले तर निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेकडून पैसे परत, मागता येतो. परदेशातली आपली मंडळी पेपल वापरतात, तिथे फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठवले तर खरेदीचं संरक्षण मिळत नाही, कोणी फी वाचवायला तसं सांगत असेल तर नाही म्हणा. ताजी फसवणूक असेल तर एक तास सुद्धा न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. माझ्या बाबतीत महिने गेले होते. चौकीवर पहिल्यांदा सांगितलं की हा देवाणघेवाणीचा वाद आहे, खेळण्यासाठी कशाला एवढं. मग तासलेल्या पट्टीचे फोटो, चॅट आणि इतरांचे अर्ज एकत्र घेऊन गेलो तेव्हा अर्ज घेतला. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर पण तक्रार नोंदवली आहे.

अण्णांचं बिस आता एका ओळखीच्या माणसाने त्याच्या स्टॅशमधून दिलं, उघडून, दाखवून, विकत घेतलं होतं त्याच भावात. अण्णा कॉकपिटचा रंग बरोबर आहे की नाही यावर रोज माझ्याशी भांडतायत.

ज्यांना त्या माणसाकडचे डबे आलेत त्यांनी आजच उघडा, उघडताना व्हिडिओ काढा, कुरिअरची पावती आणि पेमेंटचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका. मला मेसेज करा, आपल्या तक्रारी एकाच अर्जाला जोडायच्या आहेत. ठाण्याच्या काकांकडे या रविवारी मी आणि आणखी दोघं जातोय, सोबत यायचं असेल तर कळवा.