घरी शिवलेले रोमन ब्लाइंड: सोलापूरच्या उन्हात दहा महिने

फेब्रुवारीत मी घरातल्या तीन खिडक्यांना चार रोमन ब्लाइंड शिवून लावले. आता डिसेंबर चाललाय. मधे पूर्ण उन्हाळा गेला, पावसाळ्याची दमट हवा गेली, दिवाळीची झाडझूड झाली. चारपैकी तीन ब्लाइंड आजही ओळंब्यात आहेत. चौथा जूनमध्ये उसवून नव्याने शिवावा लागला. त्या चौथ्याने मला बाकी तिघांपेक्षा जास्त शिकवलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: रोमन ब्लाइंड म्हणजे खिडकीच्या मापाचं एकच सपाट कापड, मागे अस्तर, अस्तराच्या आडव्या खिशांत पातळ कांड्या, आणि कांड्यांना अडकवलेल्या दोऱ्या. साखळी ओढली की कापड खालून वर एकेक घडी घेत गोळा होतं. पडद्याला चुण्या असतात, त्यात शिवणीची चूक लपते. इथे कापड तक्त्यासारखं सपाट असतं आणि पाव इंचाची चूक समोरच्या सोफ्यावरून दिसते.

मी अकरा वर्षं शाळेचे गणवेश शिवलेत, पीसवर. सोलापुरात हे काम घरोघरी चालतं. कॉलर, बाही, पट्टा यांना हात बसलेला, त्यामुळे चौकोनी कापडाला चार टिपा मारायला कितीसा वेळ, असं वाटलं होतं. गणवेशात कापड अंगाच्या आकाराला वळवायचं असतं, थोडं ओढून-सोडून जुळवून घेता येतं. ब्लाइंडमध्ये ओढलेलं कापड दोन महिन्यांनी आपल्या मूळ जागी जातं आणि कोपरा पुढे येतो.

हॉलची खिडकी रुंद, म्हणून तिला शेजारी-शेजारी दोन ब्लाइंड केले, प्रत्येकी ११० सेंमी रुंद, १४२ सेंमी लांब. कापड चाटी गल्लीतून घेतलं, पॉवरलूमचं जाड सुती, फिकट मातकट रंगाचं, पन्हा ५४ इंची. जाऊबाईंचं म्हणणं होतं, सोलापुरात राहून बाहेरचं कापड कशाला, चादरीचाच शीव की. मी एका जुन्या सोलापुरी चादरीची घडी घालून बघितली. जॅकार्डची वीण इतकी भरीव की पाच घड्यांचा गठ्ठाच झाला, आणि त्या वजनाने हलकी साखळी घसरत राहिली असती. चादर पलंगावरच शोभते.

डाव्या ब्लाइंडचं कापड मी न भिजवता कापलं. त्या दिवशी पाणी यायचं नव्हतं, टाकीतलं जपून वापरायचं होतं, आणि मला रविवारपर्यंत ब्लाइंड लावून पाहिजे होता. उजव्याचं कापड चार दिवसांनी पाणी आल्यावर रात्रभर भिजवलं, न पिळता दोरीवर सरळ टाकलं, किंचित ओलं असताना इस्त्री केली. दोन्ही लावल्यावर डोळ्यांना काही फरक दिसेना. जूनमध्ये डाव्यावर चहा सांडला. काढून धुतला, वाळवला, परत लावला, तर कापड १४२चं १३८ झालेलं. अस्तर टेरिकॉटचं, ते तेवढंच राहिलं. चार सेंमी अस्तर मागे पोटासारखं फुगलं आणि खालून डोकावायला लागलं. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन टक्के सहज आटतं, हे मला गणवेशांमुळे माहीत होतं. तिथे आम्ही शिलाईत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतो. इथे सोडायला जागाच नाही.

दुसरी गोष्ट पूर्व भागातल्या एका विणकर मामांनी दाखवली. पॉवरलूमवर सगळं आयुष्य गेलेलं, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. डावा ब्लाइंड उसवून टेबलावर पसरला होता. त्यांनी कापडाचा काठ दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "ताई, बाणा तिरका पडायलाय बघा. तुम्ही खडूच्या रेघेवर कापलाय, धाग्यावर नाही." बाणा म्हणजे विणीतला आडवा धागा. त्यांनी तसा एक ओढून काढला. माझी कापलेली कड आणि तो धागा यांच्यात एका टोकाला दीड सेंमीचं अंतर निघालं. खालचा उजवा कोपरा मे महिन्यापासून भिंतीपासून पुढे का येत होता, ते तेव्हा कळलं. मी तोवर भिंतीलाच दोष देत होते.

त्यानंतर माझी पद्धत ठरली. भिजवणं, ओलसर इस्त्री, आडवा धागा ओढून त्या रेघेवर कापणं, मग काटकोनी पट्टी, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजणं. कर्णांत तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर मी मशीनला हात लावत नाही. बाणा थोडासाच तिरका असेल तर ओलं कापड दोघींनी समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून ताणलं की बराचसा सरळ होतो. फार तिरका असेल तर ते कापड उशीच्या अभ्र्यांना वापरायचं.

घड्यांचा हिशेब एकदा नीट समजला की सोपा आहे. १४२ सेंमीच्या ब्लाइंडला मी चार कांड्या घातल्या. अर्धी घडी १५ सेंमी धरली. सगळ्यात खालची पट्टी १५ अधिक २, म्हणजे ब्लाइंड वर गेल्यावर खालची कड बाकी घड्यांखाली दोन सेंमी दिसते. म्हणून तळापासून पहिली कांडी १७ सेंमीवर, पुढच्या ३० सेंमीच्या अंतराने ४७, ७७ आणि १०७वर. वर ३५ उरले: एक पूर्ण घडी आणि पाच सेंमी मोकळे. हे पाच सेंमी सोडले नाहीत तर गठ्ठा वरच्या पट्टीला चिकटतो आणि शेवटची घडी वाकडी बसते. शेजारी-शेजारी दोन ब्लाइंड असतील तर दोन्हींची अस्तरं एकावर एक ठेवून खुणा एकदमच करा. वेगवेगळ्या केल्या तर ओळी जुळत नाहीत, मी करून पाहिलंय.

खिसे फक्त अस्तरावर शिवायचे. ३ सेंमी अंतरावर दोन रेघा, त्या एकमेकींवर आणून टीप मारली की दीड सेंमीचा खिसा होतो. त्यात ४ मिलिमीटरची फायबरची कांडी आरामात जाते. चार खिशांना १२ सेंमी अस्तर जास्त लागतं, ते कापतानाच धरायचं. खिशाचं एक टोक उघडं ठेवते, धुताना कांडी ओढून काढता येते. लाकडी कांड्या मी आधी विचारात घेतल्या होत्या, पण त्या दमट हवेत वाकतात.

दर्शनी कापड ११० सेंमीच्या ब्लाइंडला १२० रुंद कापलं, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी आत दुमड. अस्तर दुमडून १०७ राहतं, म्हणजे दोन्हीकडून दीड सेंमी आत, समोरून ते कधीच दिसत नाही. बाजूच्या कडांना मी मशीनची टीप मारली नाही, बारीक तुरपाई केली. एका ब्लाइंडला तीन तास जातात. उन्हात ब्लाइंड उभा असताना मशीनची टीप उजेडाविरुद्ध काळी रेघ होऊन दिसते, तुरपाई दिसत नाही. कांडीच्या ओळीवर दर वीसेक सेंमीला दर्शनी कापडाचा एकच धागा उचलून अस्तराला टाका घालायचा. दोन धागे उचलले की पुढे खळी पडते. बाजारातल्या तयार ब्लाइंडमध्ये आणि माझ्यात सगळ्यात मोठा फरक याच तुरपाईचा आहे, आणि एवढ्या एका गोष्टीचा मला अभिमान वाटतो.

मशीन माझी जुनी जुकी, साधी एका सुईची. दोन थर शिवताना खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात आणि वरचं मागे रेंगाळतं. दीड मीटरच्या टिपेत अर्धा सेंमी फरक पडतो. उपाय तीन: आधी धावदोरा, सगळ्या टिपा एकाच दिशेने मारणं, आणि फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी करणं. सुई १६ नंबर, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, दोरा पॉलिएस्टर. सुती दोरा उन्हात लवकर कुजतो, पश्चिमेच्या खिडकीला तो मुळीच नको.

त्या पश्चिमेच्या खिडकीबद्दल. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि दुपारी तीनपासून ऊन थेट पलंगावर येतं. तिथे ब्लॅकआउट अस्तर लावलं, म्हणजे उजेड अडवणारं, लेप दिलेलं, पांढऱ्या पाठीचं. ब्लाइंड कोनाड्याच्या आत न बसवता भिंतीवर बसवला, दोन्हीकडे आठ-आठ सेंमी बाहेर. आत बसवला असता तर कडेच्या फटींतून उजेडाच्या दोन पट्ट्या आल्या असत्या. खोली थंड होते का, असं सगळे विचारतात. काचेतून उष्णता आत आलेलीच असते, ब्लाइंड आतल्या बाजूला आहे, त्यामुळे कूलर लागतोच. पण ऊन अंगावर येत नाही, गादी तापत नाही, आणि सासूबाई दुपारी तिथे झोपू शकतात. मागच्या वर्षी त्या मे महिनाभर स्वयंपाकघरात झोपल्या होत्या.

ब्लॅकआउटशी काम करताना मी एक चूक केली, ती अजून भिंतीवर आहे. खिसे त्याच अस्तरावर शिवले. सुईचं प्रत्येक भोक कायमचं राहतं. दुपारी चारला कांडीच्या चारही ओळींवर ठिपक्यांची रांग चमकते. टाचण्यांचीसुद्धा भोकं राहतात, आणि चुकलेली टीप उसवली तर ती रेघ जात नाही. मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत म्हणून वेगळं केलं: समोर कापड, मधे ब्लॅकआउट, मागे साधं सुती अस्तर, आणि खिसे त्या मागच्या अस्तरावर. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे. गठ्ठा थोडा जाड होतो, पण एकही ठिपका नाही. लेप दिलेल्या बाजूवर लोखंडी फूट चिकटतं, तिथे टेफ्लॉनचं फूट लावा. इस्त्री गरम लावाल तर लेप चिकटून निघेल.

रंगाचं सांगते. अभ्यासाच्या खोलीचा निळा दहा महिन्यांत उघड फिका झालाय, आणि वाईट म्हणजे पट्ट्यांनी. ब्लाइंड रोज अर्धा वर असायचा, त्यामुळे घडीच्या बाहेरचा भाग उडाला आणि आतला तसाच राहिला. उन्हात रंग किती टिकतो याचं १ ते ८ असं मोजमाप असतं, ८ सगळ्यात पक्का. दुकानात मी विचारलं तेव्हा "पक्का आहे ताई, धुऊन बघा" एवढंच उत्तर मिळालं. धुण्याला पक्का रंग उन्हाला पक्का असतोच असं नाही. आता मी तुकडा आणून त्याच खिडकीत अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर ठेवते. हॉलचा मातकट रंग मात्र होता तसाच आहे.

ऑगस्टमध्ये उजवा ब्लाइंड पाच-सहा मिलिमीटर लांबलेला आढळला, दिवाळीच्या कोरड्या हवेत परत मूळ मापावर आला. सुती कापडाचं ते चालायचंच. म्हणून खिडकीच्या कट्ट्यापासून एक सेंमी वर ठेवून शिवा.

वरच्या पट्टीला वेल्क्रो, त्याची मऊ बाजू कापडावर आणि काटेरी बाजू पट्टीवर. तळाला ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, तिच्या वजनानेच घड्या सरळ पडतात. धूळ आठवड्याला मऊ ब्रशने खालच्या दिशेने काढते.

साखळीबद्दल मात्र घरात लहान मूल असो-नसो, ऐका. खाली लोंबणारा वळसा मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. युरोपच्या ईएन १३१२० या मानकात साधारण उंचीच्या ब्लाइंडला हा वळसा जमिनीपासून निदान १५० सेंमी वर हवा, आणि मागच्या दोऱ्यांच्या जोडण्या सुमारे ६ किलोच्या ओढीला सुटायला हव्यात. माझ्या पहिल्या साखळ्या जमिनीपासून हातभर उंचीवर होत्या. शेजारची तीन वर्षांची मुलगी साखळी मानेभोवती घेऊन खेळताना दिसली त्याच संध्याकाळी चारही साखळ्या छोट्या केल्या. सासूबाईंचा हात पोचत नाही, म्हणून तो ब्लाइंड मीच ओढते.

एका ब्लाइंडला कापड, अस्तर, पट्टी-साखळी धरून माझे सतराशेच्या आसपास गेले, ब्लॅकआउटच्याला दोन हजारांवर. वेळ मात्र दीड ते दोन दिवस, आणि त्यातला मशीनवरचा जेमतेम दोन तास.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नणंद येणार आहे. तिच्या जुळे सोलापुरातल्या नव्या फ्लॅटसाठी तिला तीन हवेत. मी तिला फोनवर सांगितलंय, प्रत्येक खिडकीची रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजून पाठव, त्यातलं सगळ्यात कमी माप मी घेईन. कापड कालच आणलं. टबात भिजत घातलंय.