घरी गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर जॅकचा वॉल्व्ह बघून घ्या: अर्धा टनी गिअरबॉक्स जॅक, उन्हाळा ते हिवाळा वापरून

गिअरबॉक्स जॅकचे जेवढे व्हिडिओ बघितले त्या सगळ्यांत जॅक वर जाताना दिसतो. वजन घेऊन खाली येताना कुणी दाखवत नाही. घरी काम करणाऱ्याचा जीव मात्र त्या खाली येण्यावरच असतो, म्हणून हा अनुभवही मुख्यतः त्याचाच आहे.

जॅक नेहमीचाच. बुटका, ट्रॉलीसारखा, खाली चार छोटी चाकं, वर स्क्रूने कलणारं सॅडल, म्हणजे गिअरबॉक्स टेकवायची बैठक, आणि तो बांधायला साखळी. क्षमता ५०० किलो, किंमत पंधरा हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही. या आकाराचे मी पाहिलेले जॅक बहुतेक एकाच साच्यातले वाटले, त्यामुळे लिहिलेलं तुमच्याही जॅकला लागू पडेल.

गाडी टाटा ४०७. टोमॅटोच्या हंगामात नारायणगाव ते वाशी, आणि परतीला सिमेंट नाहीतर खत मिळालं की माळशेज चढताना क्लचची परीक्षा. गेल्या उन्हाळ्यात क्लच स्लिप व्हायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, नंबर लावा. हंगामात गाडी चार दिवस उभी ठेवणं मला परवडत नाही. मजुरीचे दोन-तीन हिशोब केले आणि तेवढ्या पैशात जॅकच घेतला.

आमच्याकडची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती सांगायला नको. दोघं गाडीखाली आडवे, एक जण केबिनमधून दोर धरून, आणि शेवटचा बोल्ट सुटला की वजन छातीवर. अशी कामं करून कंबर कायमची गेलेले मेस्त्री मी पाहिले आहेत. इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढचा दांडा, क्लच प्लेटच्या खाचांतून बाहेर येतो त्या क्षणी गिअरबॉक्सचं तोंड एकदम खाली जातं, आणि तेव्हा हाताखाली धरायला काही नसतं. गिअरबॉक्स त्या शाफ्टवरच लोंबकळत राहिला तर नव्या प्लेटचा हब वाकतो तो वेगळाच. ही रीत मला माझ्या घरात नकोच होती. पुतण्या मदतीला असतो, त्याच्या छातीवर मी गिअरबॉक्स घेऊ देणार नाही.

जॅकआधी गाडी उभी करण्याबद्दल लिहितो, कारण ते जमलं नाही तर कितीही चांगला जॅक उपयोगाचा नाही. आमच्या अंगणात मुरूम आहे. मुरुमावर गाडी टेकवायचा स्टँड ठेवला तर पहिल्या पावसानंतर तो खाली बसतो, म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट टाकतो. विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक चुकूनही लावू नका. लाकूड दबतं, करकरतं, आधी सांगतं. ब्लॉक न सांगता फुटतो. स्टँड चॅसिसखाली, जोडीने, आणि वर स्टेपनी आडवी करून चॅसिसखाली सरकवून ठेवायची. स्टँड दगा देईल असं नाही, पण दिलाच तर गाडी स्टेपनीवर थांबेल आणि खालचा माणूस वाचेल.

आणि चाकांना ठोकळे. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, काढला की गाडी गिअरमध्ये ठेवण्याला काही अर्थ उरत नाही, कारण इंजिन आणि मागची चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो, त्यांचा हँडब्रेकही शाफ्टबरोबर जातो. सपाट अंगण आहे, गाडी कुठे जाते, असं म्हणणाऱ्यांनी एकदा शाफ्ट काढून गाडीला खांदा लावून बघावा. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जुळणाऱ्या चकत्यांवर, रंगाची खूण करा, नाहीतर उलटा बसतो आणि मग गाडी का थरथरते म्हणून महिनाभर शोधत बसाल.

आता जॅक. गाडीखाली सरकवला, सॅडल गिअरबॉक्सच्या पोटाला लावलं, साखळी आवळली. वर नेण्यात काहीच अडचण नाही, पोरसुद्धा पंप मारेल. अडचण आहे रिलीज वॉल्व्हमध्ये. पेडलच्या बाजूला बोटभर लांबीची एक मूठ, ती डावीकडे फिरवली की जॅक खाली येतो. पहिला पाव फेरा काहीच होत नाही. मग आणखी केसभर, तरी काही नाही. आणि मग अचानक सगळं वजन खाली. पहिल्यांदा गिअरबॉक्स चार बोटं खाली आदळला आणि थांबला, तो केवळ खाली लाकडी ठोकळ्यांची चवड रचली होती म्हणून. पुतण्या म्हणाला, "काका, हा जॅक परत करू." मलाही तेच वाटत होतं.

कंपनीला फोन केला. उत्तर आलं, "नॉर्मल आहे सर, रिकामा चालवून बघा." रिकामा जॅक अगदी अलगद खाली येतो, हे खरं आहे. पण वॉल्व्ह म्हणजे छिद्रावर दाबलेली गोळी. मूठ सैल केली की दाबाखालचं तेल त्या फटीतून टाकीत परत जातं, आणि वजन जितकं जास्त तितकं ते जोरात जातं. एवढ्याच उघडलेल्या वॉल्व्हवर रिकामा जॅक हळू उतरेल आणि गिअरबॉक्स घेतलेला धाडकन उतरेल. म्हणजे रिकामा चालवून वॉल्व्हबद्दल काहीही कळत नाही. हे मी फोनवर तीनदा समजावलं. पलीकडचा मुलगा चांगला होता, पण त्याच्यासमोरच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच तो वाचत होता. तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद झाल्याचा मेसेज आला. माझा खरा राग जॅकपेक्षा त्या मेसेजवर आहे.

क्लचचं काम पूर्ण झालं. ठोकळ्यांवर विश्वास ठेवून केलं. गिअरबॉक्सखाली ठोकळ्यांची चवड, आणि तो थोडा उतरला की वरचा एक ठोकळा काढायचा. म्हणजे जॅकने कधीही हात सोडला तरी गिअरबॉक्स एका ठोकळ्यापेक्षा जास्त पडूच शकत नाही. वेळ लागतो. लागू द्या.

इथवरचं पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा पाचपैकी दोन दिले होते. पुढचं नंतरचं आहे, आणि माझं मत बदललं आहे.

पावसाळ्यात जॅक पडून होता. दिवाळीनंतर काढला तर पिस्टनच्या कडेला तेलाचा ओघळ, आणि वर नेऊन खडूने खूण केली तर तासाभरात खुणेखाली घसरलेला. सील गेलं. कंपनी म्हणाली, जॅक पुण्याला आणून द्या, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, सील किट सुटं मिळत नाही. सील किट सुटं मिळत नाही हे मी कधीच मान्य करणार नाही. रबराची दोन-चार चकत्या असतात त्या. गावातच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं काम करणारे एक मेस्त्री आहेत, त्यांनी जुनं सील मोजून तसंच बसवलं. तेल काढलं तर काळं पाणी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ब्रेक ऑइल टाकलं होतं का? नव्हतं टाकलं. पण पुष्कळ लोक टाकतात, आणि ब्रेक ऑइलने या जॅकची सीलं फुगून खराब होतात. जॅकचं हायड्रॉलिक तेलच घाला, हाताला लागेल ते नको.

नवं तेल भरून हवा काढली आणि मूठ काढून त्या जागी हातभर लांब टी हँडल वेल्ड करून घेतलं. एवढ्याने जॅकचा स्वभावच बदलला. बोटभर मुठीत केसाएवढी हालचाल हाताला कळतच नव्हती. लांब हँडलच्या टोकाला तीच हालचाल दोन बोटांची होते, आणि वॉल्व्ह कुठे सुटतो ते तळहाताला आधी कळतं. गाडीच्या बाहेर बसून, डोकं चॅसिसखाली न घालता उतरवता येतं हा आणखी एक फायदा. कंपनीने हेच शंभर रुपयांत केलं असतं तर माझे दोन तारे पहिल्याच दिवशी चार झाले असते.

थंडीतली एक गोष्ट लक्षात आली ती कुठे वाचली नव्हती. डिसेंबरात सकाळी तेल घट्ट असतं, जॅक आळशासारखा उतरतो. दुपारी उन्हात तोच वॉल्व्ह, तेवढाच उघडला, की जलद. म्हणून दर कामाच्या सुरुवातीला वजन घेऊन, खाली ठोकळे ठेवून, एकदा दोन बोटं उतरवून बघतो, मगच पुढचं.

हिवाळ्यात डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअरांचा गोळा, काढायची वेळ आली. पिनियनच्या, म्हणजे त्यातल्या पुढच्या छोट्या गिअरच्या, सीलमधून तेल येत होतं आणि आवाजही होता. दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढून काढले, हाऊसिंगचे नट सोडले. इथे सॅडल कुठे लावायचं हा खरा प्रश्न. पिनियनचं नाक पुढे दिसतं म्हणून सगळे नाकाखाली धरतात. वजन मात्र क्राऊन या मोठ्या गिअरकडे असतं, जो अजून हाऊसिंगच्या आत आहे. नाकाखाली धरून ओढलं तर शेवटच्या क्षणी सगळा गोळा मागे कलंडतो. सॅडल जमेल तितकं हाऊसिंगला चिकटवून, गोळ्याच्या हाऊसिंगवर बसणाऱ्या कडेच्या खाली लावलं आणि कलणारा स्क्रू थोडा थोडा फिरवत गेलो. या स्क्रूचं मी मनापासून कौतुक करतो. वापरायच्या आधी मला तो शोभेचा वाटत होता. गिअरबॉक्स परत चढवताना बेल हाऊसिंगची, म्हणजे क्लच झाकणाऱ्या पुढच्या भागाची, कड इंजिनच्या कडेला समांतर आली पाहिजे, आणि ती माणसांनी खांद्यावर धरून येत नाही. स्क्रूने येते. दोन बोल्टच्या जागी डोकं कापलेले लांब बोल्ट लावले तर गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकतो, शाफ्टवर वजन येत नाही, आणि कड मिळाली की हाताने ढकलून बसतो. बोल्ट आवळून ओढून घ्यायची वेळ आली तर थांबा, कुठेतरी शाफ्ट अडकला आहे.

सोबत आलेली साखळी मी वापरत नाही. तेलकट लोखंडावर ती घसरते. मालाला बांधायचा रॅचेट बेल्ट आडवा आवळतो. बेल्टवर जी क्षमता लिहिलेली असते ती बांधण्याची असते, त्याच बेल्टने काही टांगायला जाऊ नका. शेडच्या कैचीलाही काही टांगू नका. ती कैची पत्रे पेलायला बनवलेली असते.

चाकांबद्दल थोडक्यात: मुरुमावर फिरत नाहीत. जाड प्लायचा तुकडा किंवा पत्रा टाकावा लागतो. कोबा असेल तर तक्रार नाही.

आज पाचपैकी साडेतीन देतो. कापलेला दीड तारा सगळा वॉल्व्हचा आणि सील किटचा आहे. लोखंड, वेल्डिंग, सॅडल यांबद्दल काही म्हणणं नाही. दोन कामांच्या मजुरीत पैसे वसूल झाले, आणि त्या दोन्ही कामांत गाडीखाली कुणाच्या अंगावर वजन आलं नाही, याची किंमत मी मजुरीत मोजत नाही. घेणार असाल तर दुकानात जाताना ओळखीच्या भंगारवाल्याकडून जुना गिअरबॉक्स किंवा तेवढंच काही जड मागून न्या, दुकानदाराला जॅकवर ठेवायला सांगा, आणि उतरवून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. सील किटचं माप आधी विचारून घ्या आणि एक संच घरात ठेवा. माझा संच मेस्त्रींनीच आणून दिला, तेलाच्या डब्याशेजारी ठेवला आहे.