मनगट दुखू लागले म्हणून गिटारचा सेटअप करून घेतला: सात महिन्यांनंतरचे परीक्षण

गेल्या मार्चमध्ये पुण्यातील एका छोट्या वाद्यदुरुस्तीच्या कार्यशाळेत मी माझ्या अकूस्टिक गिटारचा संपूर्ण सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक हाताला सोयीचा करण्याचे काम, करून घेतला. मजुरी १,२०० रुपये झाली, हाडाचे नवे सॅडल (गिटारच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारांचा संच यांचे ९५० रुपये वेगळे पडले आणि गिटार सहा दिवस त्यांच्याकडे राहिली. ही सेवा बहुतेक मोठ्या शहरांत मिळते. पण नव्याने शिकणाऱ्याला तिच्याबद्दल सहसा कोणी सांगत नाही, आणि हात दुखू लागला की सगळा दोष तो आपल्या बोटांना देतो. म्हणून सात महिने वापरून झाल्यावर हे सविस्तर लिहीत आहे.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला घेतली. दिवसभर कार्यालयात संगणकावर टंकलेखन करून संध्याकाळी तासभर रियाज, असा क्रम होता. नोव्हेंबरमध्ये गिटार घेतली तेव्हा विक्रेत्याने ती सुरात लावून दिली आणि ‘नव्या माणसाला सुरुवातीला दुखतेच, महिनाभरात सवय होईल’ असे सांगितले. बोटांच्या टोकांबाबत ते खरे ठरले. तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट झाली आणि तारा बोचेनाशा झाल्या. मनगटाचे आणि अंगठ्याच्या मुळाचे दुखणे मात्र वाढतच गेले. फेब्रुवारीत रात्री झोपेतून जाग येऊन डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या आल्याचे जाणवू लागले, तेव्हा मी रियाज थांबवून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक शिकाऊ वादकाला ठाऊक असायला हवे. बोटे वाकवणारे स्नायू मुख्यतः कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांचे नऊ स्नायुबंध एका मज्जातंतूसह मनगटातील अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतात. मनगट आत वाकवले की त्या बोगद्यातला दाब वाढतो. त्यातच बोटांनी जोराने दाबत राहिले की स्नायुबंध वाकणावर घासले जातात, सुजतात आणि मज्जातंतूवर ताण येतो; मुंग्या त्यामुळेच येतात. म्हणजे मनगट वाकलेले असणे आणि दाब जास्त लागणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की दुखणे ठरलेलेच. दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतल्यावर मुंग्या थांबल्या. पुन्हा वाजवायला घेताना या दोन्ही गोष्टी मुळातून दुरुस्त करायच्या, असे ठरवून मी कार्यशाळेत गेले.

तिथल्या कारागीर काकांना मी मनगटाची हकीकत सांगू लागले, तर ते म्हणाले, “ताई, मनगटाचं नंतर बघू. आधी गिटार दाखवा.” त्यांनी सहाव्या तारेला तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) बोट ठेवले आणि पहिल्या फ्रेटवरची तार दुसऱ्या हाताने हलकेच टिचकावून दाखवली. तिथे तारेखाली जेमतेम एक कागद सरकेल एवढी फट असावी लागते. माझ्या गिटारवर दोन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक ठेवून आरामात आत गेली. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या. मग त्यांनी पट्टी लावून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली. सहावी तार ३.६ मिलिमीटर आणि पहिली ३ मिलिमीटर. या उंचीलाच गिटारवाले ॲक्शन म्हणतात. अकूस्टिक गिटारवर ती साधारण अडीच आणि दोन मिलिमीटरच्या आसपास असली की हाताला सुखाची जाते. चार महिने एफ कॉर्ड (अनेक तारा एकत्र दाबून वाजवायचा एक स्वरसमूह) लागत नाही म्हणून मी स्वतःला कोसत होते आणि ती कॉर्ड तर नटच्या अगदी लगत, पहिल्याच फ्रेटवर धरायची असते. उंच नटचा सगळ्यात मोठा भुर्दंड तिथेच भरावा लागतो.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा त्यांनी सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावून नेहमीच्याच कॉर्ड वाजवून पाहाव्यात. कॅपो लावताच त्या एकदम सोप्या वाटू लागल्या, तर नट उंच आहे असे समजावे, कारण कॅपोने नटचे काम फ्रेटकडे सोपवलेले असते.

आमच्या घरी आजीचा मिरजेचा तंबोरा होता. जवारी नीट लागल्याशिवाय त्यावर कोणी गायला बसत नसे, आणि घोडीवर कारागिराचा हात फिरणे हा वाद्य तयार होण्याचाच भाग मानला जाई. कारखान्यातून खोक्यात आलेली गिटार मात्र आपण तशीच्या तशी मांडीवर घेतो. तंबोऱ्यात प्रश्न नादाचा असतो आणि इथे मुख्यतः हाताचा, एवढा फरक सोडला तर गिटारलाही त्याच निगुतीची गरज आहे, हे मला त्या कार्यशाळेत बसून कळले.

काम कसे झाले ते मी परवानगी घेऊन बराच वेळ पाहिले. क्रम महत्त्वाचा होता. आधी तारा बदलल्या, कारण तारांचा ताण बदलला की मानेचा बाकही बदलतो आणि त्यानंतरचे माप पुन्हा घ्यावे लागते. माझ्या गिटारवर १२ ते ५३ जाडीचा संच होता, म्हणजे पहिली तार इंचाच्या बारा सहस्रांश जाडीची. त्याजागी १० ते ४७ चा, ‘एक्स्ट्रा लाइट’ म्हणतात तो संच चढवला. मग मानेतील ट्रस रॉड (बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) पाव फेऱ्याहूनही कमी फिरवून बाक बेताचा केला. त्यानंतर नटच्या प्रत्येक खाचेत त्या-त्या तारेच्या जाडीची कानस चालवली. दोन-तीनदा घासायचे, तार बसवायची, टिचकावून पाहायचे, पुन्हा उतरवायची. एकदा जास्त घासले गेले तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरू लागते आणि नट बदलण्यावाचून इलाज राहत नाही, म्हणून हे काम घरी करून पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी सॅडल. हाडाच्या पट्टीवर त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, सपाट काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर ती उभी धरली आणि एकसारख्या दाबाने मागे-पुढे घासू लागले. पट्टी रेघेपर्यंत घासली गेली की थांबायचे. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उंची कमी करायची असेल तर सॅडल साधारण २ मिलिमीटर उतरवावे लागते, कारण तो फ्रेट तारेच्या मधोमध असतो. नट आणि बाक दुरुस्त झाल्यामुळे थोडे काम आधीच झाले होते, म्हणून इथे त्याहून कमी घासावे लागले. काम संपल्यावर सहावी तार २.६ आणि पहिली २ मिलिमीटरवर आली.

गिटार परत घेताना मी तिथेच बसून वाजवली, आणि सेवेचा दुसरा, माझ्या मते तितकाच मोलाचा भाग तेव्हा मिळाला. काकांनी माझी बैठक पाहिली. गिटार उजव्या मांडीवर, मान जमिनीला समांतर, आणि बोटे दिसावीत म्हणून वाद्याचा दर्शनी भाग मी वर माझ्याकडे कललेला धरीत असे. वाद्य असे कलले की त्याच्याभोवती पोहोचण्यासाठी डावे मनगट आणखी आत वळवावे लागते. त्यांनी डाव्या पायाखाली सहा इंचांची लाकडी पायरी ठेवली, गिटार डाव्या मांडीवर घ्यायला लावली आणि मान तिरकी वर करून दिली. मनगट आपोआप सरळ झाले. मला काहीही ‘करावे’ लागले नाही. शास्त्रीय गिटारवादकांची ही जुनी बैठक आहे. स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांच्या छायाचित्रांत ती दिसते, आणि त्यांच्याही आधी दिओनिसिओ अग्वादो यांनी वाद्याचा भार शरीरावर पडू नये म्हणून गिटार टेकवण्याची खास तिवई बनवली होती. पायरीचा एक तोटा मला जाणवला: अर्ध्या तासानंतर कंबर एका बाजूला ओढल्यासारखी होते. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी मांडीवर ठेवायचा आधार घ्यावा, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर राहतात.

अंगठ्याविषयी त्यांनी दिलेला धडा मी आजही रोज गिरवते. कॉर्ड धरायची आणि अंगठा मानेवरून पूर्ण उचलायचा. हाताच्या वजनाने, कोपरातून किंचित मागे ओढून तार वाजते का ते पाहायचे. ती वाजते! मग अंगठा नुसता टेकवायचा. बोट दोन फ्रेटच्या मधोमध न ठेवता पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे ठेवले तर दाब आणखी कमी लागतो. आपण चिमट्यासारखी किती व्यर्थ शक्ती घालतो, हे त्या एका प्रयोगात कळते.

आता उणिवा. पातळ तारांमुळे आवाजाची भरीव गोलाई कमी झाली आहे आणि जोरात स्ट्रमिंग केले की सहावी तार खरखरते. हे होणार याची कल्पना मला आधी द्यायला हवी होती. घेतलेली मापे मी मागितल्यावरच पावतीच्या पाठीमागे लिहून मिळाली. १,२०० रुपये मजुरी घेणाऱ्याने आधीची आणि नंतरची मापे मागण्याची वाट न पाहता लेखी द्यायला हवीत, कारण पुढच्या वेळी तीच उपयोगी पडतात. आणि सहा दिवस थोडे जास्त झाले.

सेटअपने मुंग्या बऱ्या होतात असा दावा मी करणार नाही. त्या विश्रांतीने गेल्या, आणि कोणाला रात्री मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील किंवा अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ उठत असेल, तर आधी डॉक्टरांनाच दाखवावे. त्या परत आल्या नाहीत याचे श्रेय मात्र मी सरळ मनगटाला, कमी दाबाला आणि एका तासाऐवजी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठकांना देते. एफ कॉर्ड मे महिन्यात लागली.

ऑगस्टमध्ये हात पुन्हा जड वाटू लागला म्हणून मी पट्टी लावली, तर सहावी तार २.९ वर गेली होती. घाबरून कार्यशाळेत गेले. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, गिटारचे पोट फुगते आणि तारा वर उचलल्या जातात, असे सांगून काकांनी सॅडलला हात लावायला नकार दिला, पैसेही घेतले नाहीत आणि वाद्य बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायला सांगितले. सहज मिळत असलेले काम त्यांनी नाकारले, म्हणून या सेवेवर माझा विश्वास बसला. ऑक्टोबरच्या उन्हात माप आपोआप २.६ वर आले. जुने प्लास्टिकचे सॅडल त्यांनी मार्चमध्येच छोट्या पाकिटात घालून परत दिले होते. ते पेटीच्या कप्प्यात, मापे लिहिलेल्या पावतीबरोबर ठेवले आहे.