कडेवर बाळ, पाठीवर सिलिंडर

फ्लोरिडाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या पश्चिम कॅरिबियन क्रूझवर बहुतेक वेळा मेक्सिकोचं कोझुमेल आणि ग्रँड केमन ही दोन्ही बेटं असतात. स्कूबा डायव्हरच्या तोंडी आधी कोझुमेलचंच नाव येतं, आणि पाण्याखालचं सगळं पाहिलं तर ते बरोबरही आहे. पण सोबत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर कसोटी बदलते. जहाजातून उतरल्यावर पाण्यात शिरेपर्यंत किती चालायचं, किती वाहनं बदलायची, हे आधी बघा. प्रवाळ किती सुंदर, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. या हिशेबाने केमन कोझुमेलच्या पुढे जातं.

आधी जहाजाबद्दल. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीला बाळ निघायच्या दिवशी किमान ६ महिन्यांचं लागतं, आणि सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असलेल्या फेऱ्यांना १२ महिन्यांचं. डिस्नीचंही बहुतेक फेऱ्यांना ६ महिनेच. दोघांकडेही ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत पाळणाघर आहे; तासावर पैसे, जागा मोजक्या, म्हणून ऑनलाइन बुकिंग उघडल्या दिवशीच करायचं. कार्निव्हलचा मुलांचा क्लब २ वर्षांपासून सुरू होतो, त्याखालच्यांना ठरावीक वेळांपुरतीच सोय. डायव्हिंग डोक्यात असेल तर पहिल्या दोघांतून निवडा. डिस्नीच्या केबिनमध्ये बाथटब असतो, हा आणखी एक फायदा: सकाळी बाळाची अंघोळ, संध्याकाळी त्याच टबात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) गोड्या पाण्यात बुडवून ठेवता येतात. रेग्युलेटरची धूळटोपी घट्ट बसवूनच बुडवा, नाहीतर सिलिंडरला जोडायच्या भागात, म्हणजे फर्स्ट स्टेजमध्ये, पाणी शिरतं.

पाळणाघर आहे म्हणून आई-बाबांनी एकदम पाण्यात उतरायचं, हा बेत मात्र कागदावरच बरा. बाळाचं रडं थांबेना की पाळणाघर पालकांना बोलावतं, आणि १८ मीटर खाली फोन लागत नाही. त्यात बोटीला उशीर झाला किंवा दोघांपैकी एकाला डीकंप्रेशनचा त्रास (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) झाला, तर बाळ जहाजावर आणि दोघं किनाऱ्यावर. म्हणून एक पाण्यात, एक कोरडा. बाळाला डाइव्ह बोटीवर नेण्याचा विचारही नको. डिझेलचा धूर, ऊन आणि लाटांवर हेलकावणारी बोट यांच्यात सात-आठ महिन्यांच्या जिवाला धरून बसणाऱ्याचीही सहल होत नाही.

कोझुमेलची अडचण वेळेची आहे. पालंकार किंवा सांता रोझा या प्रवाळांवर जाणारी टू-टँक फेरी (दोन सिलिंडर, दोन डाइव्ह) धरा. धक्क्यावरून टॅक्सी, बोटीने अर्धा-पाऊण तास, ४५-५० मिनिटांची पहिली डाइव्ह, तासाभराची विश्रांती, दुसरी डाइव्ह आणि परतीचा प्रवास. चार-पाच तास सहज जातात. इथलं डायव्हिंग प्रवाहाबरोबर वाहत जाण्याचं. बोट वरून मागे येते आणि जिथे वर याल तिथून उचलते, त्यामुळे घड्याळ आपल्या हातात राहत नाही. टॅक्सीत कार सीट मिळेल असं धरून चालू नये, म्हणून बाळासकट बंदराबाहेर भटकणंही सोयीचं नाही. तरी कोझुमेल सोडू नका, फक्त एकाने करा. दुसऱ्याने बाळासोबत जहाजावर थांबावं. त्या दिवशी जहाज निम्मं रिकामं असतं. पोहण्याचा तलाव मात्र बाळासाठी नाही. डायपरमधल्या मुलांना मोठ्या तलावात मनाई असते, स्विम डायपर घातलं तरीही. त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा सगळ्या जहाजांवर नसते, बुकिंगआधी पाहून घ्या.

ग्रँड केमनला जॉर्ज टाउनमध्ये जहाज धक्क्याला लागत नाही. टेंडर, म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. बाबागाडी घडी करून हातात आणि बाळ छातीवरच्या कॅरिअरमध्ये, दुसरा मार्ग नाही. उतरल्यावर मात्र मजा आहे. दक्षिणेकडे दहाएक मिनिटं चाललं की ईडन रॉक आणि डेव्हिल्स ग्रोटो या डायव्हिंगच्या जागा. किनाऱ्यावरूनच शिडीने पाण्यात उतरायचं, बोटीची गरज नाही. १२ ते १५ मीटर खोलीत प्रवाळाच्या भिंती, त्यांतले बोगदे, आणि उन्हाळ्यात त्या बोगद्यांत चांदीच्या तुकड्यांसारखे हजारो सिल्व्हरसाइड मासे; तुमचा टॉर्च फिरला की अख्खा पडदा बाजूला सरकतो. काठावर मऊ वाळू नाही, धारदार चुनखडीचा खडक आहे. बाळाला खाली सोडता येत नाही, म्हणून जाड चटई आणि सावलीची सोय घेऊनच जा.

अदलाबदलीचा हिशेब असा: तयारी २० मिनिटं, पाण्यात ५०, बाहेर येऊन सामान उतरवायला २०. एकाचे दीड तास, दोघांचे तीन. टेंडरच्या रांगा धरून पाच तास ठेवा. दोघांनी एकच बीसीडी वापरून भाडं वाचवायला जाऊ नका. ओल्या बीसीडीचे पट्टे पुन्हा मापाचे करण्यात पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात बाळाची झोपेची वेळ निघून जाते. दोघं एकमेकांचे बडी (पाण्याखालचे जोडीदार) नसणार, म्हणून डाइव्हच्या दुकानातूनच गाइड घ्या.

आई अंगावर पाजत असेल तर पहिली पाळी तिची, आणि पाजून लगेच. भरलेल्या स्तनांवर घट्ट वेटसूट चढवणं दुखतं आणि दूध तुंबण्याचा धोकाही असतो. डायव्हिंगने दुधात जाणारा नायट्रोजन बाळाला अपाय करत नाही. पाणी भरपूर प्यावं, वर आल्यावर सनस्क्रीन आणि मीठ धुऊन मगच बाळाला घ्यावं. कान मोकळे होण्यासाठी स्यूडोएफेड्रीनची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिने दूध कमी होऊ शकतं.

दोन गोष्टींनी बेत फसतो. एक, हवा. पश्चिमेकडून लाटा आल्या की टेंडर जॉर्ज टाउनऐवजी दक्षिणेच्या स्पॉट्स लँडिंगला लागतात, किंवा केमन रद्दच होतं. स्पॉट्सहून ईडन रॉक चालत जाण्याजोगं नाही, म्हणून कार सीटशिवायचा बेत तिथेच संपतो. दुकानाशी बोलताना असं झालं तर पैसे परत मिळतात का, हे आधीच विचारा. दोन, घड्याळ. कोझुमेल आणि केमन दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. जहाज फ्लोरिडाच्याच वेळेवर राहिलं तर उन्हाळ्यात किनाऱ्यावर साडेतीन म्हणजे जहाजावर साडेचार. परतायची वेळ साडेचारची असेल आणि मोबाइलने आपोआप स्थानिक वेळ पकडली असेल, तर तासभर हातात आहे असं वाटत असताना जहाज सुटतं. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनहून थंडीत सुटलेल्या जहाजावर उलटं होतं. जहाजाचं घड्याळ मागे, त्यामुळे जहाज नाही, डाइव्ह बोट चुकते. जहाजाच्या वेळेवर लावलेलं साधं मनगटी घड्याळ न्या. जहाजामार्फत घेतलेली सहल लांबली तर जहाज थांबतं, स्वतः ठरवलेल्यासाठी थांबत नाही. पण जहाजाची सहल महाग आणि गर्दीची.

बोनेर हे बेट दक्षिण कॅरिबियनच्या फेरीत येतं. मिळालं तर बाळवाल्यांसाठी या सगळ्यांच्या वर. तिथे क्रॅलेन्डाइकला जहाज गावातच लागतं, आणि किनाऱ्यावरून उतरायच्या जागा पिवळ्या दगडांनी दाखवलेल्या असतात. मरीन पार्कचं शुल्क आणि पहिली ओळखीची डाइव्ह मात्र सक्तीची, तेवढा वेळ धरा.

कागदपत्रं घरूनच तयार ठेवा. मालवण-तारकर्लीला गाइडने हात धरून खाली फिरवून आणलं, ते प्रमाणपत्र नव्हे. टू-टँक फेरीला ओपन वॉटरचं (डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राचं) कार्ड लागतं. वैद्यकीय प्रश्नावलीत ठरावीक प्रश्नांना ‘होय’ आलं तर डॉक्टरची सही मागतात आणि ती धक्क्यावर मिळत नाही. बाळंतपणात वर्षभर पाण्यात उतरणं झालं नसेल, तर निघण्याआधी घराजवळच्या तलावात उजळणीचा वर्ग करा. भारतीय पासपोर्टवर असाल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही पाहा. जहाजावर डाइव्हचा चाकू सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि कोझुमेलच्या मरीन पार्कात चाकू व हातमोजे दोन्हींना बंदी आहे, तेव्हा घरीच ठेवा. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली चालत नाही. बाटल्यांसाठी गरम पाणी केबिन अटेंडंटकडून थर्मासमध्ये घ्या. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर आणू देत नाहीत, पण गरम पाण्यात कालवून होणारं नाचणीसत्त्वाचं सीलबंद पाकीट चालतं. फॉर्म्युला मात्र पूर्ण फेरीचा घेऊन चढा.

विमानाचं गणित सोपं आहे. एकच डाइव्ह झाली असेल तर विमानात बसण्याआधी १२ तास, जास्त झाल्या असतील तर १८ तास थांबायचं. शेवटचा दिवस समुद्रातला असला की हा प्रश्न उरत नाही. त्याच रात्री सुटकेस केबिनबाहेर ठेवावी लागते. केबिनच्या भिंती लोखंडी असल्याने लोहचुंबकाचे हुक चिकटतात. वेटसूट त्यांवर टांगून वाळवा, बाल्कनीत नको, वाऱ्याने जातो. तरी तो ओलसरच राहिला तर पिशवीत बांधून सुटकेसमध्ये. सकाळचे चार डायपर, दुधाची बाटली आणि बाळाचा एक कपड्यांचा जोड मात्र त्या सुटकेसमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका.