तरुण चालकासाठी कलेक्टर कारचा विमा: अमेरिकेतील चार पर्यायांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेत विशीतल्या मुलामुलींना ज्या जुन्या गाड्यांचे वेड लागते, त्या सगळ्याच काही साठच्या दशकातल्या मस्टँग किंवा कॅमॅरो नसतात. पहिल्या पिढीची माझ्दा मियाटा, नव्वदच्या दशकातल्या होंडा आणि टोयोटा, तसेच पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर जपानहून आयात करता येणाऱ्या गाड्या यांच्याकडेही या पिढीचा मोठा ओढा आहे. जानेवारी 1999 मध्ये तयार झालेली निसान स्कायलाइन आर-34 याच पंचवीस वर्षांच्या नियमामुळे जानेवारी 2024 पासून आणता येऊ लागली. गाडी मिळवणे एक वेळ जमते. घोडे अडते ते विम्यापाशी, कारण जपून ठेवायच्या हौशी गाड्यांचा, म्हणजे कलेक्टर कारचा, विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना बहुतेक वेळा अनुभवी चालक हवा असतो आणि वीस वर्षांच्या चालकाकडे नेमका अनुभवच नसतो.

अशा चालकापुढे साधारणपणे चार पर्याय असतात. कलेक्टर कारसाठीची खास पॉलिसी स्वतःच्या नावावर घेता येते. आईवडिलांच्या तशा पॉलिसीत चालक म्हणून नाव घालता येते. नेहमीच्या ऑटो पॉलिसीतच जुनी गाडी समाविष्ट करता येते. किंवा काही काळ गाडी रस्त्यावर न आणता तिच्या साठवणीपुरता विमा ठेवता येतो. निवड करताना बहुतेक जण आधी प्रीमियमचा आकडा पाहतात. माझ्या मते तो आकडा तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. गाडी पूर्णपणे नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर हातात किती रक्कम येईल हा पहिला प्रश्न, आणि गाडी खरोखर कोणाची आहे व ती कोण चालवते हे पॉलिसीत जसेच्या तसे नोंदवले आहे का, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर स्वस्त पॉलिसी स्वस्त राहत नाही.

भरपाईचे तीन प्रकार

नेहमीच्या ऑटो पॉलिसीत भरपाई ‘अॅक्चुअल कॅश व्हॅल्यू’ या तत्त्वाने मिळते. अपघाताच्या दिवशी त्या गाडीची बाजारातली किंमत काय होती हे कंपनीचा अॅडजस्टर, म्हणजे नुकसानीचा अंदाज घेणारा माणूस, तशाच इतर गाड्यांच्या किमती पाहून ठरवतो, त्यात वय आणि झीज धरली जाते आणि शेवटी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा ठरलेला वाटा, वजा होते. मालकाने इंजिन नव्याने बांधून घेतले असेल, मूळचे दुर्मीळ सुटे भाग शोधून बसवले असतील, तरी ते या हिशेबात पुरेसे उतरतातच असे नाही. खास पॉलिसीचे सार याच्या उलट आहे. तिथे ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ असते, म्हणजे गाडीची किंमत विमा घेतानाच दोन्ही बाजूंनी मान्य करून करारात लिहिली जाते, आणि गाडी पूर्ण नष्ट झाली तर डिडक्टिबल असल्यास तेवढे वजा करून ती ठरलेली रक्कम मिळते. त्या वेळी किमतीची घासाघीस होत नाही.

या दोहोंच्या मध्ये ‘स्टेटेड व्हॅल्यू’ नावाचा तिसरा प्रकार आहे, आणि नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. यातही मालक एक किंमत सांगतो आणि ती पॉलिसीवर छापूनही येते, पण करारातील वाक्य सहसा असे असते की नमूद केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष बाजारभाव यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दिली जाईल. समजा, एका मियाटाची किंमत 14,000 डॉलर धरली आणि अॅडजस्टरने तिचा बाजारभाव 8,500 डॉलर ठरवला. डिडक्टिबल 500 डॉलर असेल तर नेहमीच्या पॉलिसीत 8,000 डॉलर हाती येतील, स्टेटेड व्हॅल्यू पॉलिसीतही 8,000 डॉलरच येतील, आणि तेवढ्याच डिडक्टिबलच्या अॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसीत 13,500 डॉलर येतील. म्हणून पॉलिसी हाती पडली की डिक्लेरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या मुख्य तपशिलाच्या पानावर, गाडीच्या नोंदीपुढे किमतीचा कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहावे आणि त्यानंतर करारात ‘जी कमी असेल ती’ अशा अर्थाचे शब्द शोधावेत. एजंटने फोनवर काय सांगितले याला क्लेमच्या वेळी फारसे वजन नसते.

खास पॉलिसी स्वतःच्या नावावर

पात्रता मिळत असेल तर हा पर्याय बहुतेकांसाठी सर्वोत्तम आहे, यात मला शंका नाही. गाडी कमी फिरते, बंदिस्त जागेत राहते आणि मालक तिला जपतो या गृहीतकावर हा विमा उभा असल्याने त्याचा प्रीमियम तुलनेने कमी असतो. शिवाय फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवरून, गाडी उचलून नेण्याची सोय, सुट्या भागांना संरक्षण, दुरुस्तीसाठी आपल्या पसंतीचा कारागीर निवडण्याची मुभा अशा सवलतीही अनेक पॉलिसींत मिळतात.

अडचण आहे ती अटींची. घरातील परवानाधारक व्यक्तींकडे रोजच्या वापरासाठी वेगळी, विमा असलेली गाडी आहे का, हे सहसा सर्वांत आधी विचारले जाते. एकुलती एक गाडी कलेक्टर कार असेल तर बहुधा तिथेच नकार मिळतो, कारण ती गाडी कामावर आणि किराणा आणायला जाणारच, हे कंपनीला ठाऊक असते. त्यानंतर वाहतूक गुन्ह्यांची आणि अपघातांची नोंद पाहिली जाते. चालवण्याच्या अनुभवाची अट कंपनीगणिक बदलते. काही ठिकाणी वय 25 ची सीमा असते, तर काही ठिकाणी परवाना मिळून दहा वर्षे झालेली असावी लागतात. वार्षिक मैलांवर मर्यादा असू शकते. गाडी बंद गॅरेजमध्ये असावी ही अट वसतिगृहात किंवा भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला विशेष जाचक ठरते. भाड्याने घेतलेले कुलूपबंद स्टोरेज काही कंपन्या मान्य करतात, तेव्हा हा प्रश्न स्पष्टपणे विचारून उत्तर लेखी घ्यावे.

एका कंपनीने नाही म्हटले म्हणून आशा सोडू नये. हॅगर्टी, ग्रंडी, अमेरिकन कलेक्टर्स यांच्यासारख्या या क्षेत्रातील कंपन्यांचे निकष एकसारखे नाहीत. विमा व्यवसायाचे नियमन 1945 च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्यानुसार मुख्यतः राज्यांकडे असल्यामुळे एकाच कंपनीचे नियमही राज्याराज्यांत वेगळे असू शकतात. हवाईमध्ये तर प्रीमियमचा दर ठरवताना चालकाचे वय विचारात घेण्यास मनाई आहे. अनेक कंपन्यांशी एकाच वेळी व्यवहार करणारा स्वतंत्र एजंट गाठला तर हा शोध बराच सोपा होतो.

आईवडिलांच्या पॉलिसीत नाव

गाडी खरोखर कुटुंबाची असेल, मालकीपत्रावर, म्हणजे टायटलवर, आईचे किंवा वडिलांचे नाव असेल आणि मुलगा किंवा मुलगी ती अधूनमधून चालवणार असेल, तर हा पर्याय सरळ आणि स्वच्छ आहे. किंमत अॅग्रीड व्हॅल्यूनेच मिळते, वेगळी पात्रता सिद्ध करावी लागत नाही आणि चालकाचा अनुभवही जमा होत राहतो. मात्र कंपनी तरुण चालकाला मान्य करते का हे आधी विचारावेच लागते. काही कंपन्या त्याला पॉलिसीतून नावानिशी वगळण्याची अट घालतात. तसे वगळले असेल तर तो गाडी केवळ पेट्रोल पंपापर्यंत घेऊन गेला आणि अपघात झाला, तरी क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याच्या नुकसानीचा भार थेट कुटुंबावर येऊ शकतो.

खरा धोका मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. गाडी मुलाने स्वतःच्या पैशाने घेतली, तोच ती चालवतो, दुसऱ्या शहरात स्वतःजवळ ठेवतो आणि केवळ प्रीमियम वाचावा म्हणून कागदोपत्री वडिलांना मालक आणि मुख्य चालक दाखवले जाते, असे प्रकार सर्रास घडतात. याला घरगुती तडजोड समजू नये. विमा कंपनीच्या दृष्टीने ही महत्त्वाची माहिती खोटी सांगणे आहे, आणि त्यामुळे पॉलिसी रद्दबातल ठरवली जाऊ शकते. तेही प्रीमियम वर्षानुवर्षे नेमाने भरल्यानंतर, जेव्हा तिची खरी गरज पडते तेव्हा. मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि गाडी बरोबर नेली, तर गाडी ठेवण्याचा पत्ता त्याच आठवड्यात कंपनीला कळवावा.

नेहमीच्या ऑटो पॉलिसीत गाडी घेणे

ज्याच्याकडे एकच गाडी आहे, किंवा ज्याला ती रोज चालवायची आहे, त्याच्यासाठी प्रामाणिक पर्याय हाच आहे. मैलांची मर्यादा नाही, गॅरेजची अट नाही, कॉलेजला आणि नोकरीला जाण्याची मोकळीक आहे. त्याची किंमत दोन बाजूंनी मोजावी लागते: पंचविशीच्या आतील चालकाला कोलिजन संरक्षण महाग पडते, आणि भरपाई बाजारभावानेच मिळते.

इथे एक मधला मार्ग आहे. कोलिजन संरक्षण टक्करीचे नुकसान भरून देते, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह संरक्षणात चोरी, आग, गारपीट, अंगावर पडलेले झाड अशा गोष्टी येतात, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह एकटे घेता येते. गाडी पाच-सहा हजार डॉलरची असेल आणि कोलिजनचा प्रीमियम दोन-तीन वर्षांतच त्या किमतीला भिडत असेल, तर लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचे संरक्षण, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह ठेवून टक्करीची जोखीम स्वतःवर घेणे शहाणपणाचे ठरू शकते. पंधरा हजारांच्या गाडीबाबत मी हा सल्ला देणार नाही.

आयात केलेल्या किंवा फार जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक अडथळा येतो. सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, 1981 च्या मॉडेल वर्षापासून आला; त्याआधीच्या अमेरिकी गाड्यांचे क्रमांक आखूड असतात आणि जपानी बाजारासाठी बनलेल्या गाड्यांवर तर निराळाच फ्रेम क्रमांक असतो. नेहमीच्या कंपनीच्या ऑनलाइन अर्जात तो क्रमांक भरला की रकाना लाल होतो आणि पुढे जाता येत नाही. अशा वेळी खोटे अंक जुळवून अर्ज पुढे रेटण्याचा मोह टाळावा आणि फोनवरून एजंटकडून गाडीची नोंद हाताने करून घ्यावी. या पर्यायात कागदपत्रांची फाइल हीच मालकाची ताकद असते. तज्ज्ञाकडून लेखी मूल्यांकन, कामाच्या पावत्या आणि तारखेसह फोटो, ज्यात ओडोमीटर, इंजिनची जागा, गाडीचा तळ आणि दारांखालचे पत्रे स्पष्ट दिसतील, एवढे जवळ असले तर अॅडजस्टरच्या पहिल्या आकड्यावर आक्षेप घेता येतो.

फक्त साठवणीचा विमा

गाडीचे काम वर्षभर चालणार असेल किंवा पात्रतेला थोडाच अवधी उरला असेल, तर हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. चोरी आणि आगीपासून संरक्षण मिळते. लायबिलिटी नसल्याने गाडी सार्वजनिक रस्त्यावर एक फेरीदेखील मारू शकत नाही. नोंदणीचे नियम मात्र पाहावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये लायबिलिटी विमा बंद करण्यापूर्वी नंबर प्लेट परत करावी लागते, तर कॅलिफोर्नियात गाडी वापरात नसल्याची नोंद डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, करता येते.

ज्या बाबीत काटकसर नको

चारही पर्यायांना लागू असलेली एक गोष्ट इथे ठासून सांगावीशी वाटते. अमेरिकेत 16 ते 19 वयोगटातील चालकांचे प्राणघातक अपघातांचे प्रमाण, प्रत्येक मैलामागे मोजले तर, वीस व त्यापुढील वयाच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहे. दुसरीकडे, पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सर्व नव्या प्रवासी कारमध्ये 1998 च्या मॉडेल वर्षापासून सक्तीच्या झाल्या आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली 2012 पासून. म्हणजे ज्याला अपघाताचा धोका अधिक, तोच कमीत कमी संरक्षण देणाऱ्या गाडीत बसलेला असतो. म्हणून वैद्यकीय खर्चाचे संरक्षण आणि विमा नसलेल्या चालकाकडून होणाऱ्या इजेचे संरक्षण यांत कपात करू नये. लायबिलिटीही राज्याच्या किमान मर्यादेवर सोडू नये. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून ही मर्यादा वाढवली, तरी मालमत्तेच्या नुकसानीसाठी ती 15,000 डॉलरच आहे, आणि तेवढ्यात एका नव्या साध्या कारचीही भरपाई होत नाही. कलेक्टर कारच्या पॉलिसीवर लायबिलिटीची मर्यादा रोजच्या गाडीच्या पॉलिसीइतकी तरी असावी. ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवणे यांपैकी बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. त्यासाठी त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो.

कोणी काय निवडावे

ज्याच्याकडे स्वतःच्या नावावर रोजची गाडी, स्वच्छ नोंद आणि कुलूप लावता येईल अशी जागा आहे, त्याने वय 21 असले तरी खास पॉलिसीसाठी किमान तीन-चार कंपन्यांकडे विचारणा करावी. जो आईवडिलांच्या घरी राहतो आणि कुटुंबाची गाडी रविवारी बाहेर काढतो, त्याने त्यांच्या पॉलिसीत नाव घालून घ्यावे. एकच गाडी असलेल्याने नेहमीची पॉलिसी घ्यावी आणि फाइल जपावी. स्टेटेड व्हॅल्यूसाठी जादा प्रीमियम भरावा अशी परिस्थिती तरुण खासगी मालकाच्या बाबतीत मला तरी क्वचितच दिसते.

ही विचारणा गाडीचा सौदा होण्यापूर्वी व्हायला हवी. विक्रेत्याकडून गाडीचा क्रमांक आणि फोटो मागून घ्यावेत, कंपनीला गाडी कुठे ठेवली जाईल व कोण चालवेल हे सांगावे, आणि पॉलिसी लागू होण्याची तारीख ताबा घेण्याच्या दिवसाचीच असेल असे पाहावे. पुढे रंगकाम किंवा इंजिनचे काम झाले की नवे फोटो आणि पावत्या पाठवून ठरलेली किंमत वाढवून घ्यावी, कारण जुनी किंमत आपोआप पुरेशी वाढत नाही. नेहमीच्या पॉलिसीवर असलेल्यांनी पंचविसाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी खास पॉलिसीसाठी पुन्हा अर्ज करावा, आणि नवी पॉलिसी लेखी हाती आल्याशिवाय जुनी बंद करू नये.